एकतिसावी खुर्ची

मला हेवा वाटला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं उगाच माझी बाजू घेत बसू नका. आणि हेवा कुणाचा, तर माझ्या स्वतःच्या नणंदेचा. मी या घरात आले तेव्हा शाळेत जाताना तिच्या दोन वेण्या मी घालून द्यायची. आज ती त्रेचाळीस वर्षांची घोडी झाली तरी अख्खं घर तिला बेबी म्हणतं.

आम्ही दोघी एकाच इस्पितळात कामाला आहोत, तळघरात, निर्जंतुकीकरण विभागात. वरच्या मजल्यांवर शस्त्रक्रिया होतात, तिथले कात्र्या-चिमटे मळून खाली येतात. आम्ही ते धुतो, मोजतो, ट्रेमध्ये लावतो आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालतो. मोजायची पद्धत ठरलेली आहे. एकीनं यादी वाचायची, दुसरीनं त्या वस्तूला बोट लावायचं आणि मग ‘आहे’ म्हणायचं. बोट आधी, तोंड नंतर. ‘दिसतोय की समोर’ असं चालत नाही. एका बाईनं एकदा बोट न लावताच ‘आहे’ म्हटलं, आणि वर माणसाचं पोट उघडलेलं असताना एक चिमटा कमी निघाला. माणूस वाचला. पण बाईंना दुसऱ्या दिवसापासून चादरींच्या घड्या घालायला पाठवलं, त्या अजून घड्याच घालतायत.

हे सगळं बेबीला मी शिकवलं. तिचं लग्न दोन वर्षांत मोडलं, ती परत आली आणि महिनाभर भिंतीकडं तोंड करून झोपून राहिली. तेव्हा मोठ्या सिस्टरांकडं शब्द टाकून तिला इथं चिकटवली ती मी. कात्रीचं नाव, चिमट्याचं नाव, कुठला दात कुठं लागतो, सगळं माझ्या तोंडून तिच्या डोक्यात गेलं. अकरा वर्षं आम्ही दोघींनी एकाच टेबलावर काम केलंय. ती वाचते, मी ‘आहे’ म्हणते.

तर फेब्रुवारीत कॅन्टीनच्या फळ्यावर एक कागद लागला. विद्यापीठात पस्तिशीच्या पुढच्यांसाठी जीवशास्त्राचा अभ्यासक्रम निघाला होता. कामाचा अनुभव धरणार, शनिवार-रविवार वर्ग. बेबीनं ऑफिसच्या खिडकीतून दोन अर्ज आणले. ‘वहिनी, दोघी भरू. एक तुझा, एक माझा.’ आणि मी काय केलं? भर कॅन्टीनमध्ये खो खो हसले. ‘आता काय पाटी-दप्तर घेऊन रांगेत उभी राहू? डबाही भरून दे बाई, आणि पाण्याची बाटली गळ्यात अडकव!’ सगळं टेबल हसलं. मला भारी वाटलं. बेबीसुद्धा हसली, एक अर्ज तिनं घडी घालून परत खिडकीत दिला आणि दुसरा भरला.

तो परत दिलेला अर्ज माझा होता. त्या दिवसापासून तो मला दिसत राहिला. पण एकदा चारचौघांत दात काढल्यावर मागं कसं फिरायचं? मला वाटलं, जाऊ दे, बेबीला तरी कोण बोलावतंय. बारावीला तिला गणितात काठावर मार्क होते, मला ठाऊक आहेत.

एप्रिलमध्ये तिला बोलावलं.

प्रवेश नव्हे, भेट. शनिवारी सकाळी दहाला यायचं, वर्ग बघायचे, प्रयोगशाळा बघायची आणि मग एका प्राध्यापिकेशी दहा मिनिटं बोलायचं. त्या बोलण्यावर ठरणार, घ्यायचं की नाही. या भेटीला तीस जणांची जागा. सोबत एक जण आणला तर चालेल. येणार असाल तर बुधवारपर्यंत फोन करून होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्याला देऊ.

झालं! घरात जणू वरात निघायची होती. माझा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून घरी येतो तो सोफ्यावर आडवा होतो, पाणीसुद्धा उठून घेत नाही. पण तो गृहस्थ बहिणीचे बूट पॉलिश करत बसला. तीस वर्षांत माझ्या चपलेला अंगठा लावून दिला नाही कधी! वर म्हणतो कसा, ‘आमच्या घरात विद्यापीठात जाणारी पहिलीच.’ मी म्हटलं, ‘बघायला चाललीये. बघायला तर प्राणिसंग्रहालयातही जातात.’ त्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत ब्रश फिरवायला लागला.

मोठ्या सिस्टरांनी तिला कामाचा दाखला दिला. त्यात लिहिलं होतं, ‘अत्यंत चौकस आणि अचूक.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अचूक! अगं, ती अचूक कुणामुळं? दाखल्यात माझं नाव कुठंय? बेबीनं दोन पेनं आणली, एक वही आणली, निळा ड्रेस इस्त्री करून दाराला लटकवला. रोज जाता-येता तो ड्रेस माझ्या खांद्याला लागायचा. मी मुद्दाम दार आपटून उघडायची.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती मला प्राध्यापिका करायची आणि स्वतः समोर बसायची.

‘विचार ना वहिनी, तुम्हाला का शिकायचंय?’

‘तुम्हाला का शिकायचंय?’ मी कांदा चिरत विचारायची.

‘मला... म्हणजे माझी पहिल्यापासून विज्ञानाची आवड...’

‘खोटं. नववीत बेडूक बघून बाहेर पळाली होतीस.’

ती हिरमुसायची. मग खरं सांगायची. तिला तळघरातून बाहेर पडायचं होतं. कुठल्याही प्रयोगशाळेत, पण खिडकी असलेल्या खोलीत काम हवं होतं तिला. ‘अकरा वर्षं दिवसा ऊन बघितलं नाही गं. पण हे कसं सांगायचं त्यांना? हसतील.’ मी म्हणायची, ‘हसतीलच.’ आणि बरं वाटायचं मला. असं वाईट बरं वाटणं तुम्हाला ठाऊक असेल तर ठाऊक असेल.

कारण ‘का शिकायचंय’ याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. कांदा चिरताना तेच माझ्या घशाशी यायचं आणि मी ते गिळायची.

आता फोनची गोष्ट. बेबीला अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. शिवाय विभागात फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात, आणि गुरुवारपर्यंत तिची पाळी आठ ते पाच, त्यांचं ऑफिसही तेवढंच उघडं. मंगळवारी माझी सुट्टी होती. तिनं नंबर, अर्जाचा क्रमांक, सगळं एका चिठ्ठीवर लिहून चहाच्या डब्याखाली ठेवलं. ‘वहिनी, तेवढा होकाराचा फोन कर हं.’

मी मंगळवारी भांडी घासली. पडदे धुतले. फ्रिज बाहेर ओढून त्याच्या मागचं झाडलं, जिथं चार वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. दोनदा नंबर दाबला आणि दोनदा वाजायच्या आत बंद केला. पाच वाजले तेव्हा स्वतःला म्हटलं, उद्या करू, बुधवारपर्यंत मुदत आहे. बुधवारी मी दुपारी एकला सुटले. घरी येऊन पलंगावर पडले आणि छताकडं बघत पाच वाजू दिले. विसरले नव्हते मी. एक मिनिटही विसरले नव्हते. ती घरी आली, मी म्हटलं चहा ठेवलाय. तिनं विचारलंच नाही. विचारायची गरजच वाटली नाही तिला.

शुक्रवारी आम्हा दोघींची सकाळची पाळी होती. तीनला घरी आलो. जेवणाच्या टेबलावर बेबीनं तिची बॅग ठेवली आणि खिशातून कागद काढला. यादी! ट्रेची असते तशी, एकाखाली एक, पुढं चौकोन. ‘चल वहिनी, मोजून टाकू. मी वाचते.’

मला हसू आलं आणि रडूही. मी बॅगेपाशी उभी राहिले.

‘ओळखपत्र.’

बोट लावलं. ‘आहे.’

‘बारावीचं गुणपत्रक.’

‘आहे.’

‘सिस्टरांचा दाखला.’

‘आहे.’

‘वही. दोन पेनं.’

‘आहे. दोन्ही आहेत.’

‘होकाराचा फोन.’

माझं बोट हवेत राहिलं. लावायला काही नव्हतंच तिथं. ‘आहे,’ मी म्हटलं.

बेबीनं चौकोनात खूण केली. ‘सोबत,’ तिनं वाचलं आणि माझ्याकडं बघून हसली. ‘ही तर आहेच.’ तीही खूण केली आणि केसांना तेल लावायला गॅलरीत गेली.

मी तिथंच उभी. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तोंडून खोटं ‘आहे’ कधी गेलं नव्हतं. ताप अंगात असताना नाही, सासरे गेले त्या आठवड्यात नाही. उद्या ही पोर पॉलिश केलेले बूट घालून दारात उभी राहणार, आणि तिथला माणूस यादीवर बोट फिरवून म्हणणार, तुमचं नाव नाही. घड्याळात चार वाजले होते. मी चिठ्ठी घेतली, फोन घेतला आणि जिन्यात जाऊन मधल्या पायरीवर बसले.

बऱ्याच वेळानं एका बाईनं उचलला. वयस्कर आवाज. मी अर्जाचा क्रमांक सांगितला.

‘ते नाव काल काढलं आम्ही. होकार आला नाही ना तुमचा. जागा दुसऱ्यांना गेली.’

‘बाई, चूक झाली. मोठी चूक झाली. आमच्याकडं फोन लॉकरमध्ये असतात, इस्पितळात...’

‘तुम्ही स्वतः अर्जदार का?’

आता इथं ‘नाही, मी वहिनी’ म्हणायचं होतं. किती सोपं होतं! ‘हो,’ मी म्हटलं. ‘मी स्वतः.’

का म्हटलं? तर एकदा म्हणून बघायचं होतं. बस्स.

‘हे बघा, क्लार्क आज रजेवर आहेत म्हणून फोन मी घेतला. उद्या मीच बोलणार आहे सगळ्यांशी. तीस खुर्च्या, तीस माणसं, मी काय करू?’ मग थांबून त्यांनी विचारलं, ‘पण आता फोन केलाच आहे तर सांगा, का शिकायचंय तुम्हाला?’

आणि माझं तोंड सुटलं. ‘बाई, एकोणीस वर्षं मी जंतू मारते. रोज. ट्रेवर एक पट्टी चिकटवतो आम्ही, यंत्रातून ती काळी होऊन आली की मेले समजायचं. मी समजते. पण ज्याला मारते तो मी कधी बघितलेला नाही. एकही नाही. तो कसा दिसतो, कसा वाढतो, एक वाफेत लगेच मरतो आणि दुसरा का तग धरतो, मला कुणी सांगितलं नाही. मी बावन्न वर्षांची आहे. मरायच्या आधी मला एक तरी बघायचाय.’

पलीकडं पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

‘एकोणीस वर्षं,’ बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला कामाचा कंटाळा गेला होता. ‘या उद्या. एकतिसावी खुर्ची लावते मी, बघू कोण काय म्हणतं. आणि पहिली तुम्हालाच बोलावते. सूक्ष्मदर्शक तयार ठेवते. बघून जा तुमचा जंतू.’

फोन ठेवला आणि मी पायरीवर ढसाढसा रडले. आनंदानं नव्हे. माझा जंतू! माझ्यासाठी ठेवलेला, माझ्या बोलण्यावर मिळालेला, आणि उद्या त्याच्यावर डोळा लावणार कोण, तर बेबी! मला वाटलं जाऊन सगळ्यांच्या देखत ते निळं सोंग दारावरून ओढून काढावं. इतका हेवा मला जन्मात कुणाचा वाटला नव्हता, आणि त्यात चूक सगळी माझी.

बरं, लपवणार तरी कसं? उद्या बाई म्हणणार, एकोणीस वर्षं ना तुमची? बेबी म्हणणार, अकरा. बाई म्हणणार, बावन्न ना? घोटाळाच घोटाळा. डोळे पुसले आणि वर गेले.

बेबी गॅलरीत केस विंचरत होती. मी उभ्यानंच सगळं ओकून टाकलं. मंगळवार, बुधवार, छत, खोटं ‘आहे’, जिना, फोन. मी तिच्या नावानं काय बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ती ओरडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते.

ती म्हणाली, ‘आणि तू मला म्हणायचीस बेडूक बघून पळालेली.’

‘बेबी...’

‘तुला यायचं होतं. मी तुझा अर्ज आणला होता वहिनी. हातात दिला होता.’

‘लाज वाटली मला. हसले ना मी सगळ्यांसमोर.’

‘मला हसलीस.’ तिनं फणी खाली ठेवली. ‘ते चालेल. फोन केला नाहीस तेही एक वेळ समजून घेईन. जळलीस, जळ. मी पण जळलेय तुझ्यावर कितीदा, तुझं घर आहे, माणूस आहे. पण मी विचारलं आणि तू आहे म्हणालीस. बोट न लावता.’

मी तिची फणी उचलली आणि परत ठेवली.

ती आत गेली. बॅग टेबलावर उलटी केली, सगळं बाहेर ओतलं आणि तीच यादी पुन्हा काढली. या वेळी स्वतःच वाचत होती, स्वतःच बोट लावत होती, आणि स्वतःच ‘आहे’ म्हणत होती. नवरा कामावरून आला, बूट काढता काढता थांबला. ‘हे काय, नणंद-भावजय दोघी असताना तू एकटी?’ बेबी पुढचं वाचत राहिली. ओळखपत्र आहे. गुणपत्रक आहे. दाखला तिनं उघडून, वाचून, परत घातला. होकाराचा फोन, असं वाचून तिनं माझ्या हातातून फोन घेतला, नंबर बघितला, किती मिनिटं बोलले ते बघितलं, आणि मग ‘आहे’ म्हटलं.

‘सोबत,’ तिनं वाचलं.

मी टेबलाच्या कडेला उभी होते, हात लावला तर लागेल इतकी जवळ.

‘नाही,’ बेबी म्हणाली आणि खूण खोडली.

शनिवारी ती एकटी गेली. जाताना मला म्हणाली, ‘तू बोललीस ते मी तिथं बोलणार नाही. ते तुझं आहे. मी खिडकीचं सांगेन. हसले तर हसले.’ नवऱ्यानं तिला खालपर्यंत सोडलं. मी सुट्टी टाकली होती तिच्या सोबत जायला म्हणून, ती सुट्टी घरात बसून काढली. दहा वाजले तेव्हा मनात म्हटलं, आता पहिलीला बोलावलं असेल. सव्वादहाला म्हटलं, आता डोळा लावला असेल. एकीकडं वाटत होतं तिला घेऊ देत, माझ्यामुळं तिची जागा जाऊ नये. दुसरीकडं, खोटं कशाला बोलू, वाटत होतं की दिवेच जावेत तिथले.

दोनला ती आली. बूट काढले, पाणी प्यायली. मी दारातच.

‘काय झालं?’

‘सांगितलं त्यांना. फोनवर मी नव्हते, वहिनी होती. म्हटलं मी अकरा वर्षं आहे, आणि मला खिडकी हवीय.’

‘मग?’

‘हसल्या. पण चांगलं हसल्या. सोमवारी कळवतो म्हणाल्या. घेतील बहुतेक.’

मला बरं वाटलं, खरंच वाटलं. आणि त्याच श्वासात दुसरा प्रश्न बाहेर पडला, आवरलाच नाही मला. ‘आणि ते? सूक्ष्मदर्शक?’

‘होतं की. तयार करून ठेवलेलं. बाई म्हणाल्या, आता आलाच आहात तर बघून घ्या.’

‘बघितलास?’

‘बघितला.’

एकोणीस वर्षं मारले मी, आणि बघितला हिनं. मी टेबलाची कड घट्ट धरली. ‘कसा होता गं? सांग ना. गोल होता? हलत होता? बेबी, रंग कसला होता त्याला?’

बेबीनं ग्लास विसळून पालथा घातला, हात पुसले, आणि वेण्या घालायच्या वयात बघायची तसं सरळ माझ्याकडं बघितलं.

‘जा आणि बघ,’ ती म्हणाली.